पहिल्या फेरीत घाबरट, दुसऱ्या फेरीत धीट

प्रश्न: मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आतड्यातल्या सूक्ष्मजीवांचा हार्मोनवर आणि त्यातून वागण्यावर काय परिणाम होतो, हा माझा विषय. २४ प्रौढ मादी उंदीर घेतले, एका पिंजऱ्यात चार असे सहा पिंजरे. तीन पिंजऱ्यांना दोन आठवडे पिण्याच्या पाण्यातून अँटिबायोटिक दिली: अ‍ॅम्पिसिलिन, निओमायसिन आणि मेट्रोनिडाझोल लिटरला प्रत्येकी १ ग्रॅम, व्हँकोमायसिन अर्धा ग्रॅम. बाकीच्यांना साधं पाणी. औषधवाल्यांचं वजन सुरुवातीला उतरलं, मग सावरलं. प्लस मेझमध्ये (भीती मोजायचा, जमिनीपासून उंच, अधिक-चिन्हाच्या आकाराचा मार्ग; दोन बाहू उघडे, दोन बंद) त्या उघड्या बाहूंवर कमी गेल्या, चाचणीनंतर लगेच घेतलेल्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं हार्मोन जास्त निघालं, पी व्हॅल्यू (निव्वळ योगायोगाने इतका फरक दिसण्याची शक्यता) ०.०१ च्या खाली. लेंड्यांच्या डीएनए तपासणीत जीवाणूंपैकी लॅक्टोबॅसिलस जवळजवळ नाहीसा आणि राल्स्टोनिया वाढलेला. दुसऱ्या फेरीत उंदीर वेगळ्या पुरवठादाराकडून आले आणि रक्त सकाळऐवजी संध्याकाळी घेतलं. सगळं उलट आलं. गाईड म्हणतात, मादीच्या ऋतुचक्रामुळे गोंधळ झाला, पुढची फेरी नरांवर कर. मला वाटतं सरळ लॅक्टोबॅसिलस देऊन पाहावं. काय करू? (नाव न छापण्याची विनंती.)

उत्तर: सध्या दोन्ही नको. नर आणू नका, लॅक्टोबॅसिलसची बाटलीही उघडू नका. तुमच्या पत्रात उत्तराची किल्ली आहे ती ‘एका पिंजऱ्यात चार’ या शब्दांत.

उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात. एका पिंजऱ्यात राहिलेल्या चौघींच्या आतड्यातले सूक्ष्मजीव त्यामुळे थोड्याच दिवसांत एकसारखे होतात. हार्मोनचंही असंच आहे, आणि इथे बरेच जण फसतात. नराच्या वासापासून दूर, दाटीने ठेवलेल्या माद्यांचं चक्र लांबतं किंवा थांबतं. याला ली-बूट परिणाम म्हणतात. मग नराच्या लघवीचा वास आला की तिसऱ्या दिवसाच्या सुमारास त्यातल्या बऱ्याच जणी एकदम माजावर येतात. हा व्हिटन परिणाम. म्हणजे तुम्ही जे दोन घटक एकमेकांशी जोडू पाहता, ते दोन्ही पिंजऱ्यागणिक बदलतात. एखाद्या पिंजऱ्याचा काही वेगळाच इतिहास असेल तर त्यातल्या चारही जणी एकाच दिशेने झुकतात आणि तुमच्या तक्त्यात ते चार स्वतंत्र पुरावे म्हणून मोजले जातात.

आकडा मांडून बघा. औषध पिंजऱ्याला दिलं, उंदराला नाही. म्हणून तुमचे नग, म्हणजे स्वतंत्र पुरावे, सहाच; एका गटात तीन. सहा पिंजऱ्यांतून तीन निवडण्याच्या रीती २०. औषधवाले तिन्ही पिंजरे साध्या पाण्याच्या तिन्ही पिंजऱ्यांहून पूर्णपणे वेगळे निघाले, तरी फेरबदल चाचणीत (पिंजऱ्यांचे गट शक्य त्या सगळ्या रीतींनी अदलून-बदलून पाहण्याच्या) दुहेरी पी व्हॅल्यू २ भागिले २०, म्हणजे ०.१० च्या खाली उतरूच शकत नाही. तुमचं ०.०१ आलं ते २४ उंदीर सुटे धरल्यामुळे. दुसऱ्या बाजूनेही तेच दिसतं. एका पिंजऱ्यातल्या उंदरांमधलं साम्य ०.५ धरलं तर फुगवटा, म्हणजे उंदीर सुटे धरल्याने पुरावा किती पट जास्त मोजला जातो तो आकडा, १ + (४ − १) × ०.५ = २.५. म्हणजे २४ उंदरांची खरी किंमत साधारण दहा.

तेवढेच २४ उंदीर पिंजऱ्यात दोन-दोन ठेवा. बारा पिंजरे होतील, गटाला सहा. फुगवटा १.५ वर येतो, खरी किंमत सोळाच्या घरात जाते, आणि पूर्ण फरक पडला तर किमान पी व्हॅल्यू २ भागिले ९२४. एकही जास्तीचा प्राणी न वापरता मिळणारी ही वाढ आहे. प्राणी-नीती समितीलाही ती सहज पटते. एकेकट्या मात्र ठेवू नका, एकटेपणाचा ताण कॉर्टिकोस्टेरॉनमध्ये मिसळेल. विश्लेषणात मिश्र प्रतिमान (मिक्स्ड मॉडेल) वापरा आणि पिंजरा यादृच्छिक घटक म्हणून घाला, म्हणजे एका पिंजऱ्यातलं साम्य हिशेबात येईल. मांडणीवर कोणता पिंजरा कुठे जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरवा, कारण वरच्या फळीवर प्रकाश जास्त पडतो.

आता पुरवठादार. वंश एकच असला तरी सूक्ष्मजीव एकच नसतात. २००९ साली आयव्हॅनोव्ह आणि लिटमन यांच्या गटाने दाखवलं की सी५७ब्लॅक/६ उंदीर वेगवेगळ्या पुरवठादारांकडून घेतले तर त्यांच्या आतड्यातल्या टीएच१७ या प्रतिकार-पेशींचं प्रमाण वेगळं निघतं, आणि त्यामागे एकच तंतुमय जीवाणू असतो: एका ठिकाणच्या उंदरांत आहे, दुसऱ्या ठिकाणच्या नाही. तुमच्या दोन फेऱ्या सूक्ष्मजीवांच्या दृष्टीने दोन वेगळे प्रयोग होते. पुढच्या वेळी सगळे उंदीर एकाच ठिकाणचे, शक्यतो एकाच खोलीत वाढलेले घ्या आणि आल्यानंतर दोन आठवडे नुसते ठेवा. त्या काळात दर दोन-तीन दिवसांनी सगळ्या पिंजऱ्यांतलं वापरलेलं बेडिंग एकत्र कालवून मूठ-मूठ परत वाटा, म्हणजे सुरुवात सारखी होते. माद्यांच्या पिंजऱ्यात नरांचं बेडिंग मिसळू नका. नाहीतर वर सांगितलेला व्हिटन परिणाम तुम्हीच घडवून आणाल.

खाद्याची पिशवी वाचा. त्यात सोयाबीन असेल तर जेनिस्टीन आणि डेडझीन हे इस्ट्रोजेनसारखे वनस्पतिजन्य पदार्थ आहेत. डेडझीनपासून आतड्यातले जीवाणू इक्वॉल बनवतात, आणि इक्वॉल इस्ट्रोजेनच्या ग्राहकांना (रिसेप्टर, म्हणजे पेशीत हार्मोन जिथे जोडलं जातं ते रेणू) चिकटतं. अँटिबायोटिक दिली की ही निर्मिती घटते. मग ‘सूक्ष्मजीव गेल्यामुळे वागणं बदललं’ की ‘खाद्यातून मिळणारा इस्ट्रोजेनसारखा पदार्थ बंद झाल्यामुळे बदललं’, हे तुम्हाला सांगता येणार नाही. सोयाविरहित खाद्य मागवा आणि एकाच उत्पादन-क्रमांकाचं पूर्ण फेरीला पुरेल इतकं घ्या. पिंजरे जुन्या पॉलीकार्बोनेटचे असतील तर तेही बघा. पॅट्रिशिया हंट यांच्या गटाने २००३ साली प्रसिद्ध केलं होतं की चुकीच्या, तीव्र साबणाने धुतल्यामुळे खराब झालेल्या अशा पिंजऱ्यांतून बिस्फेनॉल-ए हे इस्ट्रोजेनसारखं वागणारं रसायन झिरपलं आणि माद्यांच्या बीजांडांतली गुणसूत्रांची वाटणी बिघडली. धुरकट, तडकलेले पिंजरे हार्मोनच्या कामाला वापरू नयेत.

तुमच्या पत्रात आम्हाला सर्वांत जास्त खटकलं ते ‘वजन सुरुवातीला उतरलं, मग सावरलं’. मेट्रोनिडाझोल अतिशय कडू आहे. ते पाण्यात घातलं की उंदीर पाणी पिणंच सोडतात, पाण्यावाचून खाणंही कमी होतं, आणि तहान-भूक दोन्ही कॉर्टिकोस्टेरॉन वाढवतात. पहिल्या फेरीत तुम्ही कदाचित तहानलेल्या माद्यांची भीती मोजली. ‘सावरलं’ यावरही लगेच विश्वास ठेवू नका: अँटिबायोटिकने उंदराचं अंधांत्र (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी) फुगून कैक पटींनी मोठं होतं, आणि वजनकाट्यावर दिसणारी भरपाई त्यातल्या पातळ ऐवजाचीही असू शकते. शवविच्छेदनात अंधांत्र वेगळं तोला आणि शरीराच्या वजनातून वजा करा. शिवाय मेट्रोनिडाझोल शोषलं जाऊन मेंदूत पोचतं आणि मोठ्या मात्रेत मज्जासंस्थेला अपाय करतं. वागणं मोजायचं आहे अशा प्रयोगात ते आम्ही ठेवणार नाही. निओमायसिन आणि व्हँकोमायसिन आतड्यातून फारशी शोषली जात नाहीत. त्या दोघांवर भागवा. जीवाणूंचा सफाया तितका होणार नाही, पण जो परिणाम दिसेल तो आतड्यातून आला असं म्हणायला जागा राहील.

पाण्याची बाटली रोज त्याच वेळी तोला. प्रौढ उंदीर दिवसाला साधारण ४ मिलिलिटर पाणी पितो. औषधवाला पिंजरा सलग दोन दिवस साध्या पाण्याच्या गटापेक्षा स्पष्ट कमी पीत असेल तर मात्रा अर्धी करून दोन-तीन दिवसांत हळूहळू वाढवा. गोडी घालायची तर दोन्ही गटांना सारखी, आणि सॅकरिन नको, ते स्वतःच सूक्ष्मजीव बदलतं. नळीने पोटात औषध दिलं तर मात्रा नेमकी जाते, पण धरण्याचा आणि नळीचा ताण येतो. मग साध्या गटालाही रोज तितकंच पाणी नळीने द्यावं लागेल. मंजूर आराखड्यात वजन घटण्याची जी मर्यादा लिहिली आहे ती ओलांडणारी मादी त्याच दिवशी प्रयोगातून काढा. जंतुविरहित उंदीर ठेवण्याची सोय जवळपास असेल तर त्यांतल्या काहींना हीच औषधं द्या. त्यांचंही वागणं बदललं, तर परिणाम औषधाचा आहे, सूक्ष्मजीवांचा नाही. ही कसोटी महाग आहे, पण इतकं स्वच्छ उत्तर दुसरी कुठलीच देत नाही.

कॉर्टिकोस्टेरॉनच्या वेळेबद्दल थोडक्यात, कारण इथे वाद नाही. उंदीर निशाचर असल्याने ते दिवे मालवण्याच्या सुमाराला सर्वांत वर असतं आणि पहाटेनंतर खाली. सकाळचे आणि संध्याकाळचे आकडे शेजारी ठेवताच येत नाहीत. दुसरी फेरी उलटण्याला एवढं कारणही पुरेसं आहे. मूळ पातळी हवी असेल तर पिंजऱ्याला हात लागल्यापासून तीन मिनिटांच्या आत रक्त निघालं पाहिजे. एकीचं रक्त घेईपर्यंत दुसरीचं हार्मोन चढायला लागतं, म्हणून पिंजऱ्यात दोघी असतील तर दोन माणसांनी एकदम घ्यावं. ताणानंतरची पातळी हवी असेल तर चाचणी सुरू झाल्यापासून ठरलेल्या मिनिटाला, उदाहरणार्थ तिसाव्या. तुम्ही ‘लगेच’ घेतलं. पाच मिनिटांच्या प्लस मेझनंतर लगेच म्हणजे हार्मोन चढत असतानाच; एका मिनिटाच्या उशिरानेही आकडा हलतो.

रक्त टाळून लेंड्यांमधली कॉर्टिकोस्टेरॉनची रूपं मोजावीत असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. एरवी तो चांगला सल्ला आहे, तुमच्या प्रयोगात नाही. स्टेरॉइड आतड्यात आले की जीवाणू त्यांची मोडतोड करतात. क्लॉस्ट्रिडियम सिंडेन्स तर कॉर्टिसॉलची बाजूची साखळी तोडून त्यातून अँड्रोजेन बनवतो. जीवाणूच मारले की अ‍ॅड्रिनल ग्रंथीने (कॉर्टिकोस्टेरॉन बनवणारी मूत्रपिंडावरची ग्रंथी) काहीही वेगळं केलं नसताना लेंडीतला आकडा बदलेल. इस्ट्राडायोल या मुख्य इस्ट्रोजेनची मोजणीही जपून करा. मादी उंदराच्या रक्तात ते मिलिलिटरमागे काही पिकोग्रॅम इतकंच असतं आणि प्रतिपिंडांनी मोजणाऱ्या साध्या एलायझा किट तिथे भरवशाच्या नाहीत. मास स्पेक्ट्रोमेट्री मिळाली तर उत्तम. नसेल तर गर्भाशयाचं वजन घ्या, इस्ट्रोजेनचा तो जुना आणि प्रामाणिक मापदंड आहे.

तुमच्या गाईडचं म्हणणं आम्हाला पटत नाही, आणि त्यांच्यासमोर ठेवायला पुरावा आहे. प्रेंडरगास्ट, ओनिशी आणि झकर यांनी २०१४ साली २९३ शोधनिबंध तपासले. चक्राची कुठलीही अवस्था न बघता मोजलेल्या माद्यांच्या आकड्यांत नरांपेक्षा जास्त विखुरलेपणा सापडला नाही. नरांचं टेस्टोस्टेरॉन झटक्याझटक्याने सुटतं आणि पिंजऱ्यात कोण वरचढ आहे त्यावर अवलंबून असतं. नर घेतलेत तर पिंजऱ्याचा प्रश्न सुटणार नाहीच, वर मारामाऱ्या वाढतील. त्याहून मोठं कारण वेगळं आहे. यकृत इस्ट्राडायोलला ग्लुकुरॉनिक आम्ल जोडून पित्तातून आतड्यात सोडतं. जीवाणूंचं बीटा-ग्लुकुरॉनिडेज ती जोडणी तोडतं आणि मोकळं झालेलं हार्मोन परत रक्तात शोषलं जातं. म्हणजे अँटिबायोटिकने चक्रच बदललं असण्याची शक्यता आहे. तसं असेल तर ऋतुचक्र ही तुमच्या साखळीतलीच एक कडी ठरते, आणि नर आणून ती तुम्ही काढून टाकाल. उलट दिशेचाही पुरावा आहे: मार्कल आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली आपोआप मधुमेह होणाऱ्या एनओडी वंशाच्या नर उंदरांचे सूक्ष्मजीव कोवळ्या माद्यांना दिले, तेव्हा माद्यांचं टेस्टोस्टेरॉन वाढलं आणि त्यांना मधुमेहापासून संरक्षण मिळालं.

तेव्हा माद्या ठेवा आणि चक्र नोंदवा. औषध सुरू करण्याआधी किमान दोन चक्रं, म्हणजे आठ ते दहा दिवस, रोज त्याच वेळी. ड्रॉपरने १० ते २० मायक्रोलिटर निर्जंतुक सलाइन योनिमुखाशी सोडून परत ओढायचं, काचपट्टीवर पसरायचं. पेशींवरून चक्राच्या चार अवस्था ओळखता येतात. गोल, केंद्रक असलेल्या पेशींचे घोस दिसले तर प्रोइस्ट्रस. केंद्रक नसलेल्या, पापुद्र्यासारख्या पेशी म्हणजे इस्ट्रस. त्यांत पांढऱ्या पेशी मिसळू लागल्या की मेटइस्ट्रस. बहुतेक पांढऱ्या पेशीच उरल्या की डायइस्ट्रस. टोक आत खुपसू नका. गर्भाशयमुख चेतवलं गेलं तर मादी खोट्या गर्भारपणात जाते आणि दहा-बारा दिवस तिचं चक्र गायब होतं. चाचणीच्या दिवशी नमुना चाचणी आणि रक्त दोन्ही झाल्यावर घ्या. अवस्था बघून उंदीर निवडू नका. सगळ्यांची चाचणी करा आणि अवस्था नंतर विश्लेषणात घाला.

वागण्याच्या चाचण्यांत कमी ताणाच्या आधी, जास्त ताणाच्या शेवटी: मोकळं मैदान १० मिनिटं, दोन दिवसांनी तीन कप्प्यांची सामाजिक चाचणी, मग प्लस मेझ ५ मिनिटं. त्याच मादीला प्लस मेझमध्ये दुसऱ्यांदा घालू नका. एकदा पाहिलेल्या मेझमध्ये ती आधीसारखी वागत नाही आणि चिंताशामक औषधांचा परिणामही दिसेनासा होतो. खोलीत आणल्यावर अर्धा ते एक तास शांत ठेवा. प्रत्येकीनंतर ७० टक्के अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. पूर्ण फेरीभर हाताळणारी व्यक्ती एकच असावी आणि तिला गट ठाऊक नसावा. २०१४ साली मॉगिल यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की नुसत्या पुरुषाच्या वासानेही उंदरांत ताणाची प्रतिक्रिया उमटते.

राल्स्टोनियाकडे वळू. ती बहुधा तुमच्या उंदरांत नव्हतीच. डीएनए वेगळं काढण्याच्या किटमध्ये आणि पाण्यात जे जीवाणू-डीएनए नेहमी आढळतं, त्या यादीत राल्स्टोनिया आहे. सॉल्टर आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली हे नीट मांडलं. अँटिबायोटिकने लेंडीतले जीवाणू जितके कमी, तितका किटमधल्या दूषिताचा टक्का मोठा. दर खेपेला एक नळी लेंडीशिवाय, बाकी सगळं तसंच, पुढे न्या आणि तिचंही वाचन करा. टक्केवारीवर थांबू नका; १६एस या जीवाणूंच्या सामाईक जनुकाची क्यूपीसीआर (डीएनएच्या प्रती मोजणारी चाचणी) करून ग्रॅममागे एकूण जीवाणू किती हे काढा. लॅक्टोबॅसिलस ‘नाहीसा’ झाला असं टक्क्यांत दिसतं, तेव्हा इतर शेकडो जातीही संख्येने कोसळलेल्या असतात. त्यातून एकीलाच दोषी धरायला तुमच्याकडे आधार नाही.

म्हणूनच लॅक्टोबॅसिलस देण्याची घाई नको. ब्राव्हो, क्रायन आणि सहकाऱ्यांनी २०११ साली लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोससच्या जेबी-१ या वाणाने उंदरांची भीती आणि कॉर्टिकोस्टेरॉन कमी केलं; आतडं आणि मेंदू जोडणारी व्हेगस चेता कापली की परिणाम गेला. तोच वाण २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या आठ आठवड्यांच्या चाचणीत २९ निरोगी पुरुषांना दिला, तेव्हा प्लासिबोपेक्षा काहीही वेगळं दिसलं नाही. वाण, वंश, लिंग आणि सुरुवातीचा ताण, सगळ्यांवर ते ठरतं. दुकानी मिश्रणात कुठला वाण किती जिवंत आहे हे प्लेटवर वाढवून मोजल्याशिवाय कळतही नाही.

त्याआधी साखळीची एकेक कडी कापून बघायची असते. पहिली कडी: सूक्ष्मजीव परत दिले तर वागणं परत येतं का? औषध थांबवून दोन दिवस जाऊ द्या. निरोगी माद्यांच्या ताज्या लेंड्या, १०० मिलिग्रॅमला १ मिलिलिटर या हिशेबाने, ऑक्सिजन काढलेल्या आणि ०.०५ टक्के सिस्टीन घातलेल्या पीबीएसमध्ये (फॉस्फेटयुक्त मिठाच्या द्रावणात) कालवा, चोथा बसू द्या आणि वरचं ०.२ मिलिलिटर नळीने द्या, एक दिवसाआड तीनदा. हे काम अवायू पेटीत करा. उघड्यावर घोटत बसलात तर ऑक्सिजन न सोसणाऱ्या जाती मरतात आणि तुम्ही उरलेल्याच पेरता. दाते किमान सहा घ्या आणि त्यांच्या लेंड्या एकत्र करू नका. इथे नग म्हणजे दाता. वॉल्टर आणि सहकाऱ्यांनी २०२० साली माणसांचे सूक्ष्मजीव कृंतकांना (उंदरासारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांना) दिलेले ३८ अभ्यास तपासले, त्यांतल्या ३६ मध्ये ‘लक्षण संक्रमित झालं’ असा निष्कर्ष होता. इतकं यश जीवशास्त्रात मिळत नसतं. चुकीचे नग मोजणं हे त्यातलं एक मोठं कारण.

प्रौढ वयात परत दिलेले सूक्ष्मजीव काहीच करत नाहीत असंही निघू शकतं. सुदो यांच्या २००४ सालच्या कामात जंतुविरहित उंदरांची अति ताण-प्रतिक्रिया लहान वयात लेंड्या दिल्यावर अंशतः सुधारली, मोठेपणी दिल्यावर नाही. तेव्हा ‘परिणाम नाही’ लिहिताना वय जोडून लिहा.

दुसरी कडी हार्मोन. मार्गाचा नमुना म्हणून २०२१ साली नेचरमध्ये आलेलं वू, मॅझमेनियन आणि सहकाऱ्यांचं काम घ्या. अँटिबायोटिकने उंदरांचं दुसऱ्या उंदरांत मिसळणं कमी झालं आणि कॉर्टिकोस्टेरॉन वाढलं; मग त्यांनी अ‍ॅड्रिनल काढली, ग्राहक बंद केले, निर्मिती रोखली, आणि तिन्ही वाटांनी मिसळणं सुधारलं. एंटेरोकॉकस फिकॅलिस या जीवाणूचं नाव आलं ते त्याच्यानंतर. तुम्ही हे करताना दोन अडचणी येतील. अ‍ॅड्रिनल काढलेल्या मादीला मीठ धरून ठेवता येत नाही, म्हणून तिला ०.९ टक्के सलाइन प्यायला हवं. आणि उंदरांत ग्रंथीचे सुटे तुकडे इतरत्र असू शकतात, म्हणून रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन खरंच उतरलं का हे तपासा. ग्राहक बंद करायला मिफेप्रिस्टोन वापरलंत तर ते प्रोजेस्टेरॉनचे ग्राहकही अडवतं, माद्यांत ते चालणार नाही. मेटिरापोनने निर्मिती रोखणं तुमच्यासाठी जास्त सोयीचं. परिणाम काही तासच टिकतो, तेवढ्यात चाचणी उरका. नीती समितीची सुधारित परवानगी मात्र आधी.

नवे उंदीर मागवण्यापूर्वी जुन्या दोन फेऱ्यांचे आकडे पिंजऱ्यागणिक सरासरी काढून परत मांडा, पाणी आणि वजनाच्या नोंदी त्यांच्याशेजारी ठेवा. उणे ८० अंशांत लेंड्या किंवा डीएनए शिल्लक असेल तर दोन्ही फेऱ्यांचे नमुने एकाच दिवशी, एकाच किटने, क्रम मिसळून आणि रिकाम्या नळ्यांसकट परत चालवा. औषध सुरू होण्याआधीच्या लेंड्या ठेवल्या असतील तर त्या सर्वांत पहिल्या काढा: दोन पुरवठादारांचे उंदीर मुळात किती वेगळे होते, हे त्यांतूनच कळेल.